नंदी टेकड्यांचा गारवा आणि वाइन द्राक्षांची लागवड

बंगळूरुच्या उत्तरेस, दोड्डबल्लापूर परिसरात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वाइन द्राक्षांचे मळे आहेत. कंवल ग्रोवर यांनी १९८८ च्या सुमारास येथे फ्रेंच वाणांच्या लागवडीस प्रारंभ केला. उंचीमुळे हा भाग ‘थंड हवामानाचा डोंगरी प्रदेश’ मानण्याकडे कल दिसतो. वाण निवडताना आणि तोडणीची तारीख ठरवताना हा समज महागात पडू शकतो.

उत्तर इटलीतील आल्तो आदिजे हा खराखुरा थंड डोंगरी प्रदेश होय. सुमारे ४६ अंश अक्षांशावर तेथील वेल हिवाळ्यात पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. दोड्डबल्लापूर १३ अंशांवर आहे. येथे वेलीला अशी झोप लाभतच नाही. हिवाळ्याचे काम छाटणीच्या कात्रीस करावे लागते. याच सौम्य हवेमुळे बेंगलोर ब्लू या वाणाची वर्षात दोन पिके घेता येतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

नाशिकशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. नाशिकची उंची सुमारे ६०० मीटरच. तरीही तेथे जानेवारीत पारा कित्येकदा १० अंशांखाली उतरतो. बंगळूरुस त्या महिन्यातील सरासरी किमान तापमान १५ ते १६ अंश असते. एप्रिलमधील उष्मा मात्र बंगळूरुस कमी. म्हणजे येथील उंची हिवाळा देत नाही, उन्हाळ्याची धार तेवढी बोथट करते.

याचा परिणाम रसातील आम्लतेवर होतो. मण्यात पाणी उतरल्यानंतर मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते आणि उबदार हवेत हा ऱ्हास वेगाने होतो. टार्टारिक आम्ल तुलनेने टिकून राहते. केवळ ब्रिक्स पाहून तोडणी केल्यास साखर पुरेशी, पण सामू वाढलेला, असा माल हाती येतो. सामू वाढला की सल्फाइटची परिणामकारकता घटते आणि वाइन बिघडण्याचा धोका बळावतो. म्हणून ओळीच्या दोन्ही बाजूंचे मणी घेऊन ब्रिक्स, आम्लता व सामू एकत्र तपासावेत आणि तोडणी पहाटे करावी.

खरी अडचण फळछाटणीच्या वेळेची आहे. बंगळूरु परिसरात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरदार पाऊस असतो. छाटणी लवकर केल्यास कोवळ्या फुटीवर डाऊनी येतो. लांबवल्यास मणी मार्च-एप्रिलच्या उन्हात पिकतात. फवारणीची शिस्त असलेल्या बागायतदाराने लवकरची छाटणी पत्करणे अधिक हिताचे, कारण रोगाला आवर घालता येतो, उन्हाला नाही.

नव्या लागवडीपूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी नियोजित जागेतच कमाल-किमान तापमापी बसवून जानेवारी ते मार्चच्या नोंदी घ्याव्यात. रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकून सखल भागात साचते. त्यामुळे एकाच टेकडीवरील दोन शेतांच्या नोंदींतही फरक आढळतो.