धम्म-पाठ : एका खांबावरचे विहार



आजच्या पाठात आपण व्हिएतनामची राजधानी हनोई येथील एका विहाराची माहिती घेऊ. ‘चुआ मोत कोत’ हे त्याचे नाव. म्हणजे एका खांबाचे विहार. हो ची मिन्ह यांच्या समाधिस्थळाजवळ कमळांचे एक लहान तळे आहे. त्यात सुमारे सव्वा मीटर व्यासाचा एकच खांब उभा असून त्यावर लाकडी विहार आहे. त्याची प्रत्येक बाजू जेमतेम तीन मीटर, म्हणजे आपल्या घरातल्या एका खोलीएवढी! अरुंद पायऱ्या चढून जावे, दारातूनच अवलोकितेश्वराच्या मूर्तीला वंदन करावे व खाली उतरावे, एवढीच तेथे जागा. पाण्यातून वर आलेल्या कमळासारखा त्याचा आकार आहे. चिखलात उगवूनही चिखल अंगाला न लागू देणारे कमळ हे शुद्ध जीवनाचे प्रतीक होय.

कथा आणि इतिहास

हे विहार ली वंशाचा राजा ली थाई तोंग याने इ. स. १०४९ मध्ये बांधले. लोक कथा सांगतात ती अशी : राजाला मूल नव्हते. स्वप्नात कमळावर बसलेल्या अवलोकितेश्वराने त्याच्या हाती मुलगा दिला. पुढे राणीला मुलगा झाला, म्हणून कृतज्ञतेने राजाने हे विहार उभारले.

आता ही कथा तपासून पाहू. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे. या राजाचा मुलगा आणि वारस ली थान्ह तोंग याचा जन्म इ. स. १०२३ चा. म्हणजे विहार बांधले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता! जुन्या बखरीत मुलाचा उल्लेख नाही. राजाला स्वप्नात अवलोकितेश्वराने कमळासनावर नेले, आणि भिक्खूच्या सल्ल्याने त्याने विहार बांधले, एवढेच तेथे आहे. मुलाची गोष्ट लोकांनी मागाहून जोडली.

ती का जोडली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मुलासाठी नवस बोलणे आपल्याही घरात होतेच. मूल झाले नाही की दोष सुनेचा, मुली झाल्या तरी दोष सुनेचाच! देव बदलले आणि नवस तोच राहिला, तर धर्मांतर अर्धेच राहिले. बुद्ध मार्ग दाखवणारे आहेत, वर देणारे नाहीत, हे बाबासाहेबांनी आपल्याला स्पष्ट सांगितले आहे. बुद्धमूर्तीपुढे मुलगा मागणे म्हणजे जुनी खंडोबाची वारी नव्या दारी नेणे होय.

विहार कोणी राखले?

१९५४ मध्ये हनोई सोडून जाताना फ्रेंच सैन्याने हे विहार उद्ध्वस्त केले. कोणताही चमत्कार त्याच्या रक्षणाला आला नाही. १९५५ मध्ये माणसांनीच ते जुन्या रूपात पुन्हा उभे केले. धम्म माणसांच्या हातांनी टिकतो, हे यावरून ध्यानात ठेवावे.

आपले नाते

विहाराच्या आवारात एक बोधिवृक्ष आहे. १९५८ मध्ये हो ची मिन्ह भारतात आले, तेव्हा राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी तो भेट दिला. पण नाते त्याहून फार जुने आहे. प्राचीन काळी भारतीय व्यापारी व भिक्खू समुद्रमार्गाने त्या देशात गेले. तेथील लोककथांत बुद्धांना ‘बुत’ म्हणतात. हा ‘बुद्ध’ शब्दच आहे. आणि तेथे स्त्रीरूपात दिसणारा अवलोकितेश्वर आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेतलेला पद्मपाणी म्हणून उभा आहे. ज्यांना आपल्या गावात पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांचे कुटुंब एवढे मोठे आहे, हे मुलांना अवश्य सांगा.

कोणत्याही विहारात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत, शांत राहावे, त्रिशरण-पंचशील घ्यावे. काही मागू नये. स्वतः काय करणार ते मनाशी ठरवावे.

घरी सर्वांनी मिळून चर्चा करा

१. मुलाची कथा खरी नाही, हे कोणत्या सालावरून कळते?
२. आपल्या घरात अजून कोणता नवस शिल्लक आहे?
३. तो बंद करण्याचे कोण ठरवणार, आणि केव्हा?

जय भीम!