पागोळीचे पाणी विहिरीपर्यंत कसे जाते

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. या हिशेबाने, ज्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस होतो त्या दिवशी दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा एकाच अंगणात दहा हजार लिटर पाणी पडते. वाडीत अशी वीस अंगणे असली तर दोन लाख लिटर. हे पाणी कोठे जाते आणि जाताना बरोबर काय नेते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कोकणातील वाडी बहुधा उतारावर वसलेली असते. घर व गोठा वर आणि विहीर खाली पऱ्याच्या काठी, अशी रचना सर्वत्र दिसते; कारण तेथे पाणी थोड्या खोलीवर लागते. म्हणजे वाडीतील जे जे वाहण्याजोगे आहे, त्याची वाट विहिरीकडेच असते. त्यात जमीन जांभ्याची. मातीच्या जाड थरातून पाणी सावकाश झिरपले तर ते पुष्कळसे गाळले जाते. जांभ्यातील भेगा व पोकळ्या यांतून ते न गाळता वेगाने खाली उतरते. म्हणून शौचालयाचा शोषखड्डा अगर गायरी विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावी, हा नेहमीचा नियम येथे पुरेसा समजू नये. ती विहिरीच्या वरच्या अंगास नसावी, हे अंतराइतकेच महत्त्वाचे आहे.

यांपैकी गायरीकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे. उघड्या गायरीतून पावसात जे तपकिरी पाणी वाहते, ते शेणखताचे सत्त्वच होय. ज्या नत्रासाठी शेतकरी पुढे युरियाचे पोते विकत आणतो, ते नत्र त्याच्या डोळ्यांदेखत पऱ्याला मिळते, आणि त्याच पाण्याबरोबर हगवणीचे जंतू विहिरीत जातात. एकाच चुकीने खतही गेले व पोरही आजारी पडले! मे महिन्यात गायरीवर झापांचे छप्पर घालावे, भोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध घालावा आणि गोठ्याच्या पागोळीचे पाणी चर खणून बाजूने काढून द्यावे. यास पैसा थोडा व श्रम दोन दिवसांचे लागतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने पहिली मोठी सर येताच छत्री घेऊन बाहेर पडावे. कचेरीत बसून काढलेल्या नकाशापेक्षा ही एक फेरी अधिक शिकविते. गोठ्यापासून पाण्याच्या मागोमाग उतरत जावे. ते कोठे तांबडे होते, कोठे तपकिरी होते, विहिरीच्या कोणत्या बाजूस साचते, हे वाडीतील दोघाचौघांना बरोबर नेऊन दाखवावे. तांबडे पाणी म्हणजे वरकस जमिनीची माती. तेथे उतारास आडवी वाळ्याची रांग लावणे उपयुक्त ठरते. विहिरीस चिऱ्याचा कठडा, भोवती बाहेर उतार असलेला पक्का ओटा व वरच्या अंगास पाणी वळविणारा चर, एवढे झाले म्हणजे वरून येणारे बरेचसे पाणी अडते.

जमिनीच्या पोटातून येणारे मात्र याने थांबत नाही. त्यासाठी विरंजक चूर्ण, म्हणजे गावातील टी.सी.एल. पावडर, वापरावी लागते. चांगल्या प्रतीच्या चूर्णाचे सर्वसाधारण प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम आहे. तीन मीटर व्यासाच्या गोल विहिरीत चार मीटर पाणी असल्यास ते सुमारे २८,००० लिटर भरते व त्यास ७० ग्रॅम चूर्ण लागते. पावसाळ्यात पाण्याची उंची रोज बदलते, म्हणून माप रोज घ्यावे. चूर्ण बादलीत कालवून निवळू द्यावे, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे व खालचा चुना टाकून द्यावा. त्यानंतर निदान एक तास पाणी भरू नये. पाण्यास वास येतो ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. हे काम सायंकाळी केल्यास सकाळपर्यंत वास बराच कमी होतो. पाणी निवळ दिसते एवढ्यावरून ते शुद्ध मानू नये. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा पुराचे पाणी ज्या विहिरीत शिरते, ती उपसून, गाळ काढून व निर्जंतुक करूनच पुन्हा वापरात आणावी.

भातखाचरांतील खताचीही हीच गोष्ट. भर पावसात फेकलेला युरिया बांधावरून ओसंडून पऱ्यास मिळतो. युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल दाबल्यास खत मुळांशी राहते. आंब्यावरील फवारणीचा पंप मात्र पऱ्यात किंवा विहिरीवर कधीही धुऊ नये. त्याचे धुवण पाण्यापासून दूर, बागेतच जिरवावे.