आधी हिशेब, मग अक्षरं

आर्वी, जि. वर्धा

चि. सायलीस,


यादीवरची गणितं सगळ्यांत थोडक्यात कोणत्या भाषेत मांडता येतात, असं तू विचारलंस. साधी सरासरी घे. सी भाषेत बेरजेसाठी चल हवा, मग लूप, शेवटी भागाकार. आणि दोन्ही बाजू पूर्णांक असतील तर अपूर्णांक मुकाट्याने गळतो. पायथॉनमध्ये यादीची बेरीज भागिले तिची लांबी, एका ओळीत काम झालं. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२च्या पुस्तकातल्या चिन्हलेखनातून एपीएल भाषा आली. पुढे रॉजर हुई यांच्यासोबत त्यांनी ‘जे’ नावाची भाषा घडवली. तिच्यात सरासरीला चार चिन्हं पुरतात: +/%#. बेरीज, भागिले, घटकांची संख्या. लूप नाही, यादीचं नावसुद्धा नाही. चिन्हलेखन हे विचाराचंच साधन आहे, असं आयव्हर्सन यांनी १९७९च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात मांडलं होतं. म्हणून ही भाषा शीकच.

पण आता हिंगणघाटच्या कापूस बाजारात ये. समज, तीन गाड्या आल्या: २० क्विंटल ७,००० रुपयांनी, ५ क्विंटल ७,२०० रुपयांनी, २५ क्विंटल ६,५०० रुपयांनी. भावांवर ती चार चिन्हं चालवलीस तर ६,९०० येतील. जिनिंगचा मुनीम मात्र हसेल. चुकारा झाला ३,३८,५०० रुपयांचा, माल ५० क्विंटल. क्विंटलमागे पडले ६,७७०. फरक १३० रुपयांचा. त्यात ‘जे’ भाषेचा दोष नाही. तिला प्रश्नच चुकीचा विचारला गेला. भाव आणि वजन यांच्या गुणाकारांची बेरीज हवी असेल तर तीही ती +/ .* एवढ्यात देते.

सुट्टीच्या दिवशी आवकच नसते. तेव्हा रिकाम्या यादीची सरासरी किती? पायथॉन शून्याने भागल्याची चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्टमध्ये शून्य भागिले शून्य केलं तर ‘ही संख्या नाही’ असं उत्तर मिळतं. ‘जे’ शून्य देते, म्हणजे त्या दिवशी कापूस फुकट! मोठ्या प्रोग्रामात हे शून्य पुढच्या हिशेबात मिसळलं की शोधून सापडत नाही.

तेव्हा भाषांची तुलना करताना आधी कागदावर हातानं उत्तर काढ. मग तोच प्रश्न तीन भाषांत लिही आणि रिकामी यादी देऊन बघ. तिन्ही उत्तरं पटली, तरच अक्षरं मोजायला बस.

तुझा,
मामा