उडीची फळी

मुलांनो, दप्तरातून एक फूट लांबीची पट्टी काढा. ती बाकाच्या कडेवर अशी ठेवा, की अर्धी पट्टी बाहेर राहील. आतला भाग हाताने घट्ट दाबून धरा आणि बाहेरचे टोक वाकवून सोडा. पट्टी थरथरते. आता ती आणखी बाहेर सरकवा. थरथर संथ होते आणि टोक जास्त खाली-वर जाते. उलट पट्टी आत घेतली, तर ती ताठ होते आणि भर्रकन थरथरते. जलतरण तलावावरची उडीची फळी, म्हणजे डायव्हिंग बोर्ड, ही अशीच एक मोठी पट्टी आहे.

स्पर्धेतील फळी अ‍ॅल्युमिनियमची असते. ती सुमारे 4.8 मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असते. पाण्यापासून तिची उंची 1 मीटर किंवा 3 मीटर असते. पाय घसरू नये म्हणून तिचा पृष्ठभाग खरखरीत ठेवतात. मागचे टोक पक्के बसवलेले असते आणि मध्ये फळीखाली टेकू असतो. एक चाक पायाने फिरवून हा टेकू सरकवता येतो. टेकू मागे नेला, की फळीचा मोकळा भाग वाढतो आणि ती अधिक लवते. पुढे आणला, की ती कडक होते. तुमच्या पट्टीनेही हेच केले होते.

फळी स्वतःहून कोणालाही उडवत नाही. खेळाडू काही पावले चालत येतो, छोटी उसळी घेतो आणि दोन्ही पायांनी टोकावर उतरतो. फळी वाकते. त्याने दिलेली ऊर्जा तिच्यात साठते आणि सरळ होताना ती ऊर्जा त्यालाच परत मिळते. नवशिक्याची चूक होते ती इथेच. तो घाई करतो, फळी वर येण्याआधीच पाय उचलतो आणि त्याची उडी फसते. फळीची वाट पाहायला शिकणे, हेच सर्वांत अवघड!

कसलेल्या खेळाडूचाही अंदाज चुकतो. 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा ग्रेग लुगॅनिस उलट्या कोलांट्या घेताना फळीच्या फार जवळ राहिला आणि त्याचे डोके फळीवर आपटले. जखमेला टाके घातले गेले. तरीही तो पुन्हा फळीवर चढला आणि त्याने सुवर्णपदक जिंकले. त्याच्या धैर्याचे कौतुक करा, पण त्याच्या खाली खोल पाणी होते, हेही ध्यानात ठेवा.

3 मीटर उंचीवरून नुसते पडले, तरी पाण्याजवळ वेग ताशी सुमारे 28 किलोमीटर होतो. पाण्यात शिरल्यावर हा वेग लगेच थांबत नाही. म्हणून अशा फळीखाली सुमारे 3.7 मीटर खोल पाणी लागते. उथळ पाण्यात डोके तळावर आदळले, तर मानेचा मणका मोडतो आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळू शकतो.

तेव्हा तलावाच्या काठावर लिहिलेली खोली आधी वाचा. फळीवर एका वेळी एकानेच जावे. आधीचा मुलगा पाण्यावर येऊन बाजूला गेल्याशिवाय उडी मारू नका. सूर मारताना दोन्ही हात डोक्याच्या पुढे ताठ ठेवा. धक्काबुक्कीची थट्टा तर नकोच.

सुट्टीत नानीच्या गावी गेलात, की विहीर दिसते आणि मन आवरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर मे महिन्यात तळाला जाते. नदीच्या गढूळ पाण्यात खडक दिसत नाही. गेल्या वर्षी तिथेच सूर मारला होता, म्हणून यंदाही मारता येईल असे नाही. पोहणाऱ्या मोठ्या माणसाकडून आधी खोली पाहून घ्या. अनोळखी पाण्यात डोके पुढे करून कधीच उडी मारू नका.

कोणाच्या मानेला मार लागला, तर त्याला हात धरून ओढू नका. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसांना हाक मारा. त्यांनी त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवावे, डोके आणि मान एका रेषेत धरावी आणि पाठीखाली फळी सरकवून मगच त्याला बाहेर काढावे.