संगणक शिकवणारे विद्यार्थी कसे तयार करावेत?

लोणारसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाला संगणकाची खरी गरज भासते ती अर्ज भरताना. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हणून तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, पैसे देतो आणि आपला पासवर्डही तेथेच ठेवून येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हातात मोबाईल असतो, परंतु उतरवून घेतलेली फाईल कोठे जाऊन बसली ते सांगता येत नाही.

राज्यात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू आहे. केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना २०१७ साली आली, २० तासांचे शिक्षण देत राहिली आणि मार्च २०२४ मध्ये संपली. प्रमाणपत्रे पुष्कळ निघाली. पण हात बसतो तो शेजारी बसून दाखवणाऱ्याकडून. ज्यांना हे काम येते अशी दहा-बारा मुले-मुली कोणत्याही महाविद्यालयात सापडतात. त्यांना शिकवायला शिकवावे, असे आम्हाला वाटते.

आपल्याला ही पद्धत नवी नाही. दारुल उलूममध्ये उस्तादांचा धडा संपला की विद्यार्थी गटाने बसतात व त्यांच्यातलाच एकजण तो धडा पुन्हा मांडतो. याला तकरार म्हणतात. (मराठीतली तक्रार नव्हे, जरी कधी कधी तीही होते!) मांडणाऱ्याचा धडा पक्का होतो आणि ऐकणाऱ्याला विचारायला संकोच वाटत नाही.

निवड करताना सर्वांत वेगवान मुलगा घेऊ नये. त्याचे बोट इतके झरझर चालते की समोरच्याला काही दिसतच नाही. जो स्वतः अडखळत शिकला, तो बरा. त्याला पहिला धडा एकच द्यावा: शिकवताना हात पाठीमागे. माऊस शिकणाऱ्याच्याच हाती राहील. आम्हाला विचाराल तर निम्मे प्रशिक्षण एवढ्यातच आहे, आणि हेच सर्वांत अवघड जाते.

दुसरा धडा कागदावरचा. एखादे साधे काम, समजा फोटो लहान करून अर्जाला जोडणे, पायरी पायरीने लिहून काढावे. मग ते वाचून सोबत्याने तसेच करून पाहावे. जेथे सोबती अडला तेथे पायरी सुटली असे समजावे. चार-पाच कामे अशी लिहून झाली की शिकवण्याची वही तयार होते.

उदाहरणे घरची घ्यावीत. एक्सेल शिकवताना सोयाबीनची पट्टी मांडावी: वजन, भाव, त्यातून हमाली व तोलाई वजा. बापाच्या हातातली पट्टी पडताळता आली की मुलगा सूत्र विसरत नाही. मराठी टंकलेखन युनिकोडमध्येच शिकवावे. कृतिदेवमध्ये केलेला अर्ज, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन उघडतो.

एका संगणकावर दोघेच बसवावेत व कच्च्याच्या हाती माऊस द्यावा. मुलींचा गट मुलीनेच चालवावा, म्हणजे पालकही निःशंक पाठवतात. दुसऱ्याचा पासवर्ड ही अमानत आहे. तो टाकला जात असताना शिकवणाऱ्याने तोंड फिरवावे, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा.

आता रोजीचा प्रश्न. सोबत्यांना शिकवण्याचे पैसे घेऊ नयेत. पण हात बसलेल्या विद्यार्थ्याला बाजारात काम आहे. छोट्या दुकानदाराला हिशेबाची वही संगणकावर हवी असते, उद्यम नोंदणी हवी असते. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या या नोंदणीला सरकारी शुल्क काहीच नाही, आधार लागतो. विद्यार्थ्याने हे आधी सांगावे आणि मग आपल्या मेहनतीचे ठरवून घ्यावे. सुरुवात शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू होण्यापूर्वी महिनाभर करावी. ग्रंथालयात एखादा संगणक दुपारनंतर मोकळा असेल तर तेवढाही पुरतो.