‘नाही’, ‘नव्हे’, ‘नये’ आणि ‘नको’ : उपनिषदे आणि संतचरित्रांतील नकार

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे राहणारे आपण मराठी साधक दिवसभर हिंदी बोलतो. हिंदीतील लेख मराठीत आणण्याची सेवा करताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. हिंदीतील एकाच ‘नहीं’साठी मराठीत कधी ‘नाही’ लिहावे लागते, कधी ‘नव्हे’. ‘नहीं चाहिए’ म्हणायला तिथे दोन शब्द लागतात, आपल्याला ‘नको’ हा एक पुरतो. हाच शब्द दख्खनी बोलीने ‘नक्को’ म्हणून उचलला आणि तो आजही हैदराबादेत ऐकू येतो.

जुन्या मराठीत तर नकार क्रियापदातच मिसळून जातो : नेणे (जाणत नाही), नेघे (घेत नाही), नेदी (देत नाही), नलगे (लागत नाही), नुरे (उरत नाही). ज्ञानेश्वरी किंवा गाथा वाचताना या शब्दांपाशी आपण अडतो. त्यांतला सुरुवातीचा ‘न’ ओळखला की अर्थ उलगडतो.

हे केवळ व्याकरण नव्हे. आपला नकार नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे तपासण्याचे ते साधन आहे. या लेखात चार नकार आणि त्यांची उदाहरणे पाहू.

१. नाही : जे आहे ते सांगणे

‘घरात दूध नाही’ या वाक्यात राग नाही, उपदेशही नाही. फक्त वस्तुस्थिती आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडण्यापूर्वी दोन्ही पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करायला निघतात. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली, तर मी अमर होईन का? याज्ञवल्क्य स्पष्ट सांगतात की धनाने जगणे सुखाचे होईल, पण अमृतत्वाची आशा त्यात नाही. स्वतः देऊ केलेल्या वस्तूची मर्यादा ते स्वतःच सांगतात. हा ‘नाही’ ऐकल्यावरच मैत्रेयी धन बाजूला ठेवून ज्ञान मागते.

२. नव्हे : चुकीची ओळख पुसणे

‘हा साप नव्हे, दोर आहे.’ येथे वस्तू समोर आहे, तिच्याविषयीची समजूत मात्र चुकली आहे. याच उपनिषदातील ‘नेति नेति’ हा या जातीचा नकार आहे. आत्मा म्हणून ज्या ज्या गोष्टीकडे बोट दाखवावे, ती ती ‘हे नव्हे’ म्हणून बाजूला सारली जाते. ज्ञानेश्वर महाराजांनी अमृतानुभवात हाच धागा फार पुढे नेला आहे. त्यातील सहावे प्रकरण शब्दखंडन, सातवे अज्ञानखंडन आणि आठवे ज्ञानखंडन. अज्ञान खोडून झाल्यावर ‘मला ज्ञान झाले’ ही समजूतही ते शिल्लक ठेवत नाहीत. साधनेत चार पावले पुढे गेल्याचा अभिमान वाटू लागेल, तेव्हा आठवे प्रकरण आठवावे.

३. नये : मर्यादा सांगणे

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य अध्ययन पूर्ण झालेल्या शिष्याला सांगतात की सत्यापासून ढळू नये, धर्मापासून ढळू नये, स्वाध्याय आणि प्रवचन यांत चुकारपणा करू नये. येथपर्यंतचा भाग आपल्या ओळखीचा असतो. त्याच उपदेशात आचार्य हेही सांगतात की आमची जी चांगली आचरणे असतील तेवढ्यांचेच अनुकरण कर, इतरांचे नको. ‘नये’ सांगणाऱ्याने आधी स्वतःला त्या मर्यादेत उभे केले आहे. म्हणूनच त्याच्या ‘नये’ला वजन आहे.

४. नको : आपला वाटा सोडणे

‘नको’ हा इच्छेचा नकार आहे. कठोपनिषदातील नचिकेताला यम पुत्रपौत्र, हत्ती, घोडे, सोने आणि दीर्घायुष्य देऊ करतो. नचिकेत ते नाकारून आपल्या प्रश्नाचे उत्तरच मागतो. आपल्या जवळचे उदाहरण व्रजातले आहे. वल्लभ संप्रदायाच्या वार्तांमध्ये अष्टछाप कवी कुंभनदासांची कथा आहे. अकबराने त्यांना फतेहपूर सिक्रीला बोलावले. ते गेले, पण पाठवलेल्या वाहनात न बसता पायी. बादशहाने गायला सांगितल्यावर त्यांनी, येथे येऊन आपले हरिस्मरण चुकले, हीच खंत गाऊन दाखवली.

तुकाराम महाराजांची कथा वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तर पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. देहूत त्यांच्या घराण्यात व्यापार आणि सावकारी होती. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. पुढे त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे चरित्रपरंपरा सांगते. हिशेबाच्या भाषेत ही येणी म्हणजे मालमत्ताच. पण कथेतला महत्त्वाचा तपशील पुढे आहे. त्यांनी कागदांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला दिला आणि फक्त स्वतःचा वाटा बुडवला. स्वतःपुरते ते ‘नको’ म्हणाले. त्या ‘नको’चे भावासाठी ‘नये’ केले नाही.

आपली गफलत कुठे होते?

आपण बहुतेक वेळा एका नकाराच्या जागी दुसरा वापरतो.

• मनात ‘नको’ असते, तोंडी ‘नाही’ येते. सत्संगाला बोलावल्यावर ‘वेळ नाही’ म्हणतो; खरे तर इच्छा नसते. वस्तुस्थितीच्या शब्दाआड इच्छा लपवली की ते असत्य होते.

• आपले ‘नको’ आपण दुसऱ्यावर ‘नये’ म्हणून लादतो. आपण एखादा पदार्थ किंवा सवय सोडली की घरातल्यांनीही ती ठेवू नये, असा आग्रह सुरू होतो. येथे कान्होबाचा वाटा आठवावा.

• जिथे ‘नये’ ठामपणे म्हणायला हवे, तिथे ‘बघू’ म्हणतो. दुकानदार ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणतो, लग्नाच्या बैठकीत हुंड्याचा विषय निघतो आणि आपण गप्प राहतो. ते मौन समोरचा होकार म्हणूनच घेतो.

या आठवड्याचा स्वाध्याय

रोज रात्री दिवसभरातले तीन नकार वहीत लिहावेत. प्रत्येकापुढे दोन शब्द लिहावेत : तोंडी कोणता आला आणि मनात कोणता होता. दोन्ही सारखे असतील तर उत्तम. वेगळे असतील तर दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला खरा शब्द नम्रपणे सांगता येतो का, ते पाहावे. ‘काकू, काल मी वेळ नाही म्हणालो, पण खरे तर यायचे मनात नव्हते’ हे वाक्य बोलायला कठीण आहे. ते एकदा बोलून झाले की पुढचा होकारही खरा होतो.