विजेची कणगी

सुगी झाली की आपण धान्य कणगीत भरतो. मग लागेल तसे काढतो, दळतो, खातो. पावसाचे पाणी तळ्यात अडवतो. ते उन्हाळ्यात कामी येते. मग विजेचे काय? वीज अशी भरून ठेवता येईल का? पुष्कळ लोक आम्हांला हे विचारतात. आज आपण तेच पाहू या.

तारेतून येणारी वीज जशीच्या तशी साठत नाही. ती तयार होते त्याच क्षणी कुठेतरी खर्च होते. गावोगावच्या तारा आणि दूरदूरची वीजघरे एकमेकांना जोडलेली आहेत. या मोठ्या जाळ्याला ग्रिड म्हणतात. ग्रिड म्हणजे एक तराजू समजा. एका पारड्यात तयार होणारी वीज, दुसऱ्यात लागणारी वीज. दोन्ही पारडी सदा सारखी हवीत. तोल गेला किंवा तारांवर फार भार आला, तर जाळे कोलमडते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात असे घडले. तारांवर भार वाढला, एकामागून एक तारा बंद पडल्या, आणि कोट्यवधी लोकांची वीज गेली. आगगाड्या वाटेतच थांबल्या.

आता सूर्याची वीज आली आहे. दुपारी ऊन भरपूर, म्हणून वीजही भरपूर. पण दिवे लागतात ते दिवेलागणीला. तेव्हा तर सूर्य मावळलेला! दुपारची वीज रात्री कशी आणावी?

याचे एक उत्तर आपल्या सह्याद्रीत आहे. अकोले तालुक्यात घाटघर नावाचे गाव आहे. तेथे डोंगरावर एक धरण आहे. कड्याखाली कोकणाच्या बाजूला दुसरे धरण आहे. विजेची मागणी कमी असते, तेव्हा खालचे पाणी वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडतात आणि वीज करतात. एकच यंत्र दोन्ही कामे करते. हे वीजघर २००८ साली सुरू झाले. त्याची शक्ती २५० मेगावॅट आहे. चढवायला जेवढी वीज लागते, तेवढी सगळी परत मिळत नाही. थोडी वाटेत जातेच. पण मिळते ती गरजेच्या वेळी मिळते.

घरातली कणगी म्हणजे बॅटरी. तिच्यात शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब असते. वीज दिली की आतल्या द्रव्यांत बदल होतो. बॅटरी वापरू लागलो की तो बदल उलटा होतो आणि वीज परत मिळते. बॅटरीची वीज घरच्या पंख्याला चालेल अशी करून देणाऱ्या पेटीला इन्व्हर्टर म्हणतात. हल्ली लिथियमच्या बॅटऱ्याही मिळतात. त्या हलक्या असतात आणि जास्त वर्षे टिकतात, पण महाग पडतात.

बॅटरी घेण्याआधी हिशेब करा. नुसते दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू नका. बॅटरीवर १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. १२ गुणिले १५० म्हणजे १८००. १००० म्हणजे एक युनिट. म्हणजे ही कणगी पावणेदोन युनिटांच्या जरा वरची झाली. पण शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली, तर ती लवकर मरते. म्हणून निम्मी, म्हणजे ९००, आपली समजा. ९ वॅटचे दोन दिवे आणि ७५ वॅटचा एक पंखा मिळून ९३ वॅट होतात. आठ तासांत ७४४ लागतील. थोडी वीज इन्व्हर्टरही खातो. म्हणजे रात्र निभते. पण तीन अश्वशक्तीच्या मोटारीला २२०० वॅटहून जास्त लागतात. तिला ही बॅटरी पुरणार नाही.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. ती नीट ध्यानात ठेवा. छपरावर सूर्याची पाटी बसवली, ती ग्रिडला जोडली आणि घरात बॅटरी नसली, तर लाईन गेल्यावर आपली पाटीही बंद होते. ऊन असूनही पंखा फिरत नाही. लोकांना वाटते, आपल्याला फसवले. तसे नाही. खांबावर वायरमन चढलेला असतो. लाईन बंद आहे असे समजून तो तारेला हात लावतो. आपल्या घरची वीज त्या तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून यंत्र आपोआप बंद होते. कोणी म्हणाला, "ते बंद होणे काढून टाकतो," तर त्याला दारातूनच परत पाठवा. जनरेटरही अदलाबदलीच्या स्विचाशिवाय घराच्या तारांना कधी जोडू नका. आपल्या एका रात्रीच्या उजेडासाठी दुसऱ्याच्या घरचा दिवा विझू नये.

वीज केव्हा वापरली हे नव्या स्मार्ट मीटरला कळते. असा मीटर बसलेल्या गिऱ्हाइकांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली नियम केला. उन्हाच्या वेळी दर कमी आणि गर्दीच्या वेळी जास्त, असा तो नियम आहे. शेतीची वीज त्यातून वगळली आहे. आपल्या मीटरला कोणता दर लागतो ते बिलावर वाचा. पिठाची गिरणी दुपारी चालवणे परवडते का, ते त्यावरून कळेल. कामाची वेळ बदलणे हीसुद्धा एक बचत आहे. तिला बॅटरी लागत नाही.

शिशाची बॅटरी मोकळ्या हवेत ठेवा. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी किंवा चिमणी नेऊ नका. पाणी कमी झाले तर बॅटरीचे शुद्ध पाणीच घाला, विहिरीचे नको. तेजाब अंगावर उडाले तर लगेच पुष्कळ पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर धुऊन तडक दवाखाना गाठा. जुनी बॅटरी फोडू नका. शिसे विषारी असते, पोरांना फार बाधते. ती दुकानदाराला परत द्या.

कणगी बांधण्याआधी घरात माणसे किती, हे आपण पाहतो. विजेच्या कणगीचेही तसेच आहे.

हिशेब करा व उत्तरे द्या
१. आपल्या घरी रात्री किती दिवे व पंखे चालतात? त्यांचे वॅट लिहा व बेरीज करा.
२. आठ तासांत किती वीज लागेल? ९०० पुरतील का?
३. लाईन गेल्यावर छपरावरची पाटी का बंद होते? शेजाऱ्याला समजावून सांगा.